गाडी क्रॉसिंगला थांबते तेव्हा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांत आई-बाप आणि मुलं एकत्र असण्याचा वेळ घड्याळात बसवावा लागतो. गावाकडचा लांबचा प्रवास आणि तिथला मोकळा मुक्काम हा वेळ परत मिळवून देतात. ती रीत आता आखडत चालली आहे. ती का टिकवायची, याविषयी.

डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस साधारण ४८ किलोमीटर. फास्ट लोकल वेळेवर आली आणि तिच्यात शिरता आलं, तर तास-सव्वा तास. घरापासून स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि तिकडची बस धरली, तर दिवसाचे तीन-साडेतीन तास रस्त्यातच जातात. सकाळी सातची गाडी धरणारी आई घर सोडते तेव्हा मूल गणवेशात, अर्धवट झोपेत असतं. रात्री साडेआठला ती परतते तेव्हा पाळणाघरातून किंवा आजीकडून आलेलं मूल गृहपाठाची वही काढून बसलेलं असतं. झोपेपर्यंतच्या दीड तासात जेवण, वही, उद्याच्या डब्याची तयारी आणि बाटल्या धुणं. त्या दीड तासातली निम्मी वाक्यं 'लवकर'ने सुरू होतात. लवकर जेव, लवकर लिही, लवकर झोप.

शनिवार-रविवारी श्वास मिळेल असं वाटतं, पण त्या दिवसांवरही कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं: स्केटिंग, अबॅकस, चित्रकलेची परीक्षा, कुणाचा तरी वाढदिवस, आठवड्याचा किराणा. मे महिना लागला की शिबिरांची पत्रकं सोसायटीच्या फळ्यावर येतात. हे सगळं आई-बाप प्रेमापोटी करतात, पदराला खार लावून करतात. तरी या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. काहीही न ठरवलेला, कुणालाही कुठे पोहोचायचं नसलेला असा लांबलचक वेळ आई-बाप आणि मुलं एकत्र घालवत नाहीत. मुलांच्या वाढीला या वेळाची गरज शाळेइतकीच आहे. आणि तो मिळवण्याची एक जुनी वाट अजून आपल्या स्टेशनांवरूनच निघते.

दिव्याची पहाट

मे महिन्यात पहाटे पाचला दिवा स्थानकात जाऊन पाहावं. रोज इथे लोकलच्या दारात जीव मुठीत धरून उभी राहणारी माणसं तेव्हा फलाटावर पिशव्यांच्या गराड्यात बसलेली असतात. गोणपाटात बांधलेलं सामान, पाण्याचे कॅन, चटई आणि एखादा टेबलफॅन, शिवाय बॅगेवर डोकं टेकून झोपलेली मुलं. सावंतवाडीची गाडी सहा-साडेसहाच्या सुमाराला सुटते आणि शेवटच्या स्थानकापर्यंत पोहोचायला जवळपास पूर्ण दिवस घेते. वाटेत ती पनवेल, रोहा, माणगाव, वीर, खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ घेते, आणि मधली कितीतरी छोटी स्थानकंही, जिथे मोठ्या गाड्या ढुंकून पाहत नाहीत.

ठाण्याला रेल्वेचं नवल नाही. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून इथेच आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. कोकणाला मात्र त्यानंतर जवळजवळ दीड शतक वाट पाहावी लागली. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते यांनी संसदेत हा प्रश्न धरून ठेवला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, ई. श्रीधरन यांनी काम हाती घेतलं आणि १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग सलग खुला झाला. त्याआधीच्या पिढीने भाऊच्या धक्क्यावरून बोटीने किंवा रात्रभर एसटीने, उलट्या आवरत, गाव गाठलं होतं.

आता वेगाच्याही सोयी आहेत. जून २०२३ पासून मुंबई–मडगाव वंदे भारत ठाण्याला थांबते. घाईचं काम असेल, घरात आजारी माणूस असेल, तर अशा गाडीचे उपकार मोठे. पण मुलांना घेऊन, हातात सुट्टी असताना जायचं असेल, तर मी दिव्याची गाडी सुचवेन. मांडवी एक्स्प्रेसही चांगली. ती दिवसा धावते, ठाण्याला थांबते आणि तिच्या पॅन्ट्रीतल्या खाण्याची मुलं वर्षभर आठवण काढतात.

क्रॉसिंग

कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल किंवा मागून वेगवान गाडी येत असेल, तर दिव्याच्या गाडीला एखाद्या छोट्या स्थानकात बाजूला उभं करतात. 'क्रॉसिंगला लागली,' असं कुणीतरी म्हणतं आणि डब्यातले पंखे अचानक मोठ्याने ऐकू येऊ लागतात. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त. मोठी माणसं पहिली पाच मिनिटं चुळबुळतात. मग कुणी चपला घालून फलाटावर उतरतं, कुणी डबा उघडतं.

मुलांच्या दृष्टीने प्रवासाचा हा सर्वांत मौल्यवान भाग असतो. रोजच्या आयुष्यात थांबलेला बाप त्यांना क्वचित दिसतो. घरी तो असतो तेव्हाही कुठून तरी आलेला आणि कुठे तरी निघालेला असतो. इथे त्याला जायला जागाच नाही. बोगद्यांमुळे मोबाइलची रेंज येत-जात राहते आणि ऑफिसचा फोन अर्ध्यात तुटतो. समोर मूल आहे, खिडकी आहे आणि पुढचे आठ तास आहेत. मग पत्ते निघतात. भेंड्या सुरू होतात आणि शेजारच्या कंपार्टमेंटमधली आजी त्यात सामील होते. बोगदे मोजण्याची पैज लागते. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, त्यामुळे मोजणारा सावंतवाडीच्या आत हमखास चुकतो आणि वाद रंगतो. उक्शी सोडल्यावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, तेव्हा अख्खा डबा ओरडतो. रत्नागिरीच्या पुढे पानवलच्या पुलावरून, ६४ मीटर उंचीवरून खाली पाहताना हीच पोरं गप्प होतात.

आणि मध्येच मूल कंटाळतं. 'आता काय करू?' असं विचारतं. त्या वेळी हातात मोबाइल देणं सोपं असतं. प्रवासात अनुभवी झालेले आई-बाप तो देत नाहीत आणि उत्तरही देत नाहीत. थोडी कुरकुर होते, मग मूल खिडकीशी जातं. पाच-दहा मिनिटांनी त्याचा प्रश्न येतो: डोंगराच्या पोटात बोगदा खणताना दोन्हीकडून आलेली माणसं बरोबर कशी भेटली? तुम्ही लहान असताना इथे काय होतं? आजोबा मुंबईला पहिल्यांदा कसे आले? गिरणीत आलेला आजोबा, खोलीत दहा जणांसोबत राहिलेला, दर महिन्याला मनीऑर्डर करणारा, ही सगळी घरची माहिती घरी सांगायची राहून जाते. ती निवांतपणाशिवाय निघत नाही, आणि ठरवून काढायला गेलं तर भाषण होतं.

खळ्यातले दिवस

मालवणी मुलखात मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला पहिले दोन प्रश्न ठरलेले: 'कधी इलंस?' आणि 'कधी जातलंस?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी आखडत चाललं आहे. पूर्वी परीक्षा संपली की मुलं आजोळी जायची आणि शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात परतायची. राज्य मंडळाच्या शाळांना आजही मेच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते, म्हणजे सुट्टी तेवढीच आहे. आपला मुक्काम मात्र चार दिवसांवर आला आहे. त्या चार दिवसांतही देवदर्शन, एक लग्न, तारकर्लीचा किनारा आणि नातेवाइकांकडे धावती भेट असा कार्यक्रम आखलेला असतो.

चार दिवसांत मूल गावाला पोहोचतच नाही. पहिले दोन दिवस ते बिचकलेलं असतं. रात्रीचा अंधार, परसातला संडास, ओळख नसलेली चुलत भावंडं, विहिरीचं पाणी, सगळंच नवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चप्पल गळते. पाचव्या दिवसापासून ते घरात फक्त जेवायला येतं. करवंदांच्या जाळीत हात खरचटून घेतं, काजूची बी भाजताना चीक उडतो म्हणून लांब उभं राहायला शिकतं, रतांबे फोडणाऱ्या काकीजवळ बसून हात लाल करतं. फणस कापताना हाताला खोबरेल का लावतात, ते कुणी शिकवत नाही, पण त्याला कळतं. आंब्याची साठं उन्हात घातली की राखण त्याच्याकडे येते. कावळ्यांपासून साठं वाचवणं ही त्याच्या आयुष्यातली पहिली खरी नोकरी असते. तिच्यात चूक झाली तर सगळ्यांचं नुकसान होतं, हे त्याला ठाऊक असतं.

आई-बापांचंही असंच असतं. दोन दिवस त्यांचे हात मोबाइलकडे जात राहतात. मग दुपारी जेवून पडवीत आडवं झालेल्या बापाच्या पोटावर डोकं ठेवून मूल पडतं आणि दोघं कौलांकडे बघत काहीबाही बोलतात. त्या बोलण्याला विषय नसतो. पण शाळेत कुणी त्रास देतं, गणिताची भीती वाटते, एका मित्राशी बोलणं बंद आहे, अशा गोष्टी नेमक्या तेव्हाच बाहेर येतात. डोंबिवलीत 'आज शाळेत काय झालं?' या प्रश्नाला वर्षभर 'काही नाही' हेच उत्तर मिळालेलं असतं.

मोकळेपणा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. शहरातल्या मुलांना पाण्याचा अंदाज नसतो. व्हाळातली कोंड, कठडा नसलेली विहीर, ओहोटीचा समुद्र यांच्याजवळ मोठं माणूस हवंच, आणि ते फोनमध्ये डोकं न घातलेलं हवं. खेळ मुलांनी ठरवावा, काठावर आपण बसावं.

कल्याणहून दुसरी वाट

कोकणाचं उदाहरण ठळक आहे, पण कल्याण हे जंक्शन आहे. इथून एक फाटा कर्जतकडे, बोरघाट चढून पुणे, सातारा, कोल्हापूरला जातो, तर दुसरा कसाऱ्याकडे, थळघाट चढून नाशिक, जळगाव, भुसावळ आणि पुढे विदर्भात. कल्याणच्या चाळींतून आणि नव्या संकुलांतून खानदेशी घरं भरपूर. त्यांची सुट्टी आखाजीच्या आसपास सुरू होते. अक्षय्य तृतीयेला खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी म्हटली जातात. शहरात वाढलेल्या मुलीला तिथे पहिल्यांदा दिसतं की आपली आई कुणाची तरी मुलगी आहे. ती उभ्याने झोका घेते, मैत्रिणींशी अहिराणीत भांडते, खळखळून हसते. आईचं हे रूप पाहायला मिळणं ही मुलीसाठी आयुष्यभराची शिदोरी आहे, आणि त्यासाठी आईला माहेरी निवांत राहता आलं पाहिजे.

त्या भागात मे महिन्याचं ऊन सोसवत नाही. दहा ते पाच घराबाहेर पडता येत नाही. पण त्याच सक्तीमुळे दुपारभर सगळं घर एका खोलीत असतं. पापड लाटले जातात, कुरडया घातल्या जातात, चिकाची वाटी मुलांच्या हातात येते आणि मोठ्यांच्या गप्पा मुलांच्या कानांवर पडत राहतात.

अभ्यासकांनी काय पाहिलं

इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. एकटं राहता येण्याची क्षमता मूल कुठे शिकतं, हा त्याचा विषय. त्यांचं उत्तर विलक्षण आहे: आईच्या सान्निध्यात. आई जवळ आहे, पण काही मागत नाही, काही करवून घेत नाही. अशा वेळी मूल स्वतःशी रमायला शिकतं, आणि मोठेपणी एकटेपणाला घाबरत नाही. खिडकीशी रमलेलं मूल आणि शेजारी डुलकी घेणारी आई हे दृश्य दिव्याच्या गाडीत प्रत्येक डब्यात दिसतं.

अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००७ मध्ये केनेथ गिन्सबर्ग यांचा अहवाल प्रसिद्ध केला. धावपळीचं जगणं आणि अभ्यास-वर्गांचा भार यांमुळे मुलांचा मोकळा खेळ कमी होतो आहे, त्याची झळ आई-बाप आणि मुलांच्या नात्यालाही लागते, असा त्याचा इशारा होता. २०१४ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा-सात वर्षांच्या ७० मुलांच्या आठवड्याच्या दिनक्रमाची नोंद घेतली. ज्यांचा जास्त वेळ मोकळा होता, ती मुलं स्वतःहून काम ठरवून पार पाडण्याच्या चाचणीत सरस ठरली. आखलेल्या उपक्रमांचे तास जास्त, तिथे उलट चित्र दिसलं. एवढ्याशा अभ्यासावरून कारण आणि परिणाम सिद्ध होत नाहीत, हे संशोधकांनीही स्पष्ट केलं. पण दिशा दिसते.

यासाठी परदेशातच पाहायला हवं असंही नाही. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासोबत ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. शिक्षिकाच मुलांमागे कुरणात गेली. मूल जिथे आहे तिथे मोठ्याने जाऊन बसायचं, हा धडा आपल्या जिल्ह्याने देशाला दिला. सुट्टीत आपल्यालाही एवढंच करायचं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम ३१ ने विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलांचा हक्क मानला आहे. भारताने ती संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. शिक्षणहक्क कायद्याने वर्षाला पाचवीपर्यंत किमान २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळेचे ठरवले. उरलेल्या दिवसांचं काय करायचं, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

आईची सुट्टी आणि बापाची रजा

या सगळ्यात एक अन्याय दडलेला आहे आणि तो झाकून चालणार नाही. गावी पंधरा माणसं जमली की मुलांना मोकळीक मिळते, बाप पडवीत पडतो आणि आई चुलीपुढे उभी राहते. सकाळच्या घावन्यांपासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत बायकांचा दिवस डोंबिवलीपेक्षा लांब होतो. घर वर्षभर बंद असेल, तर पहिले दोन दिवस झाडलोटीतच जातात. जी सुट्टी आईच्या कष्टांवर उभी आहे, तिला कुटुंबाचा मोकळा वेळ म्हणता येत नाही. याला उपायही अवघड नाहीत. एक वेळ पेज, पापड आणि लोणचं पुरतं. पुरुषांनी भांडी घासावीत, पाणी भरावं, रात्रीचं जेवण करावं. बापाला नारळ खोवताना पाहणारा मुलगा त्या सुट्टीत खूप काही शिकतो. ज्या घरांत हे सुरू झालं आहे, तिथल्या बायका गावी जायला आनंदाने तयार होतात. जिथे झालं नाही, तिथे 'नको ते गाव' असं त्या म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

दुसरा प्रश्न बापाच्या रजेचा. बायको-मुलांना गावी सोडून चौथ्या दिवशी रात्रीच्या कोकणकन्या एक्स्प्रेसने परतणारे बाप पुष्कळ. रजा नाही, हे त्यांचं कारण अनेकदा खरं असतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, म्हणजे वर्षाला साधारण तेरा-चौदा दिवस, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. सरकारी नोकरीत स्थिती बरी आहे. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे, राज्याच्या कर्मचाऱ्यांना १८० दिवस. पण ही रजा बहुतेक वेळा दहावी-बारावीच्या परीक्षेसाठी राखली जाते. परीक्षेच्या काळात आई हवीच. तशीच ती मूल आठ वर्षांचं असताना मे महिन्यातही हवी, कारण आठ वर्षांचं मूल तिच्याजवळ येऊन बसतं. सोळाव्या वर्षी त्याला जवळ बसवण्यासाठी निमित्त शोधावं लागतं.

ज्यांना गाव नाही

गावचं घर विकलं गेलेल्या, भाऊबंदकीत अडकलेल्या किंवा पिढ्यान्‌पिढ्या शहरातच असलेल्या कुटुंबांनी काय करावं? एसटीच्या 'आवडेल तेथे प्रवास' योजनेकडे त्यांनी पाहावं. चार किंवा सात दिवसांचा एक पास काढायचा आणि राज्यभर हवं तिथे चढायचं, हवं तिथे उतरायचं. मुलांना सवलतीचा पास आहे. ठाण्याच्या खोपट किंवा वंदना स्थानकातून, कल्याणच्या डेपोतून निघावं आणि उद्या कुठे जायचं ते आज संध्याकाळी मुलांना ठरवू द्यावं. त्यांनी कदाचित जुन्नरला दोन दिवस मुक्काम करायला लावला, कारण तिथे लॉजच्या मागे मांजरीची पिल्लं आहेत, तर थांबावं. पाहायची ठिकाणं राहिली तरी चालतात. पासाशिवायही मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना ते आधीपासूनच आहे.

रेल्वेने जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलं होतं, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट मार्चच्या आरंभी काढावं लागतं. आणि पाच ते अकरा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असेल, तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. खर्च वाढतो, पण रात्रीच्या गाडीत मुलाला पाय पसरून झोपू द्यायचं असेल, तर तो करण्याजोगा आहे.

रेल्वेकडेही एक मागणं आहे. कोविडपूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर नंतर दिव्याहून सुटू लागली. मुलं, म्हातारी माणसं आणि सामान घेऊन पहाटे दिवा गाठणं किती कठीण असतं, हे तिथल्या जिन्यावर उभं राहिलं की कळतं. वेगवान गाड्या वाढाव्यात, पण छोट्या स्थानकांवर थांबणाऱ्या, गरिबाला परवडणाऱ्या गाड्या कमी होऊ नयेत. त्या अनेक कुटुंबांच्या एकत्र प्रवासाचा आधार आहेत.

दिवाळी संपली की नव्या वर्षाची कॅलेंडरं घरात येतील. ते कॅलेंडर भिंतीला लावायच्या आधी मे महिन्याचं पान काढा आणि त्यात सलग दहा-बारा दिवसांना एक रेघ मारा. त्या चौकोनांत काही लिहू नका. रजेचा अर्ज जानेवारीतच द्या आणि साहेबांना खरं कारण सांगा: मुलांसोबत राहायचं आहे. शिबिराचे पैसे भरण्याआधी मुलाला विचारा. गावी गेल्यावर भांडी वाटून घ्या. आणि मूल 'आता काय करू?' असं विचारायला आलं, तर त्याला बाजूला बसवून घ्या आणि थोडा वेळ थांबा. पुढचं ते स्वतः शोधेल.